स्वीडनला पीएचडीसाठी यायचं म्हणतेस, त्यावर माझं सविस्तर उत्तर

तुझा निरोप दोनदा वाचला. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी झालेलं, पुण्यात दीड वर्षं जेआरएफ (संशोधनाची कनिष्ठ शिष्यवृत्ती), आणि आता स्वीडनमधली पीएचडीची एक जागा मनात भरलेली. अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू दवाखान्यातून सांडपाण्यात येतात, ते तिथे किती तग धरतात आणि एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात, त्यांचा निकाल लावता येतो का, असा विषय. जाहिरातीत वैद्यक, पर्यावरणशास्त्र, अभियांत्रिकी आणि रेणवीय जीवशास्त्र अशी चार नावं एका ओळीत बघून तू विचारतेस, "ताई, मला यातलं एकच येतं, अर्ज करू का? पैसे पुरतील का? आणि घरी काय सांगू?"

अर्ज कर. चारही विषय येणारा माणूस त्यांना मिळणार नाहीये, आणि ते त्यांनाही माहीत आहे. मी आले तेव्हा मलाही फक्त प्लेटा टाकता, म्हणजे बशीत जिवाणू वाढवता, येत होत्या. आमच्या गटात संसर्गरोगांच्या वॉर्डात काम करणारे एक डॉक्टर आहेत, ओझोननं सांडपाणी शुद्ध करणारा प्रायोगिक प्लँट चालवणारी इंजिनियर आहे, दिवसभर संगणकावर जनुकांचे क्रम जुळवत बसणारा एक मुलगा आहे, आणि मी.

या चौघांचं काम एकत्र येतं कुठे, ते तुला एका दिवसातून सांगते. जानेवारीतली सकाळ, बाहेर अजून मिट्ट काळोख. आम्ही एसटीपीवर जाऊन चोवीस तासांत थोडं थोडं करून जमलेलं सॅम्पल बर्फाच्या पेटीत घालून आणतो. आत येणारं पाणी आणि शुद्ध होऊन बाहेर पडणारं पाणी, दोन्ही. प्रक्रिया झालेलं १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून निमूट उतरतं. कच्चं सांडपाणी मात्र १० मिलिलिटरलाच फिल्टर चोंदवतं, म्हणून ते आधी सलाइनमध्ये दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करायचं. फिल्टर सिफोटॅक्झिम हे अँटिबायोटिक घातलेल्या अगारवर (जिवाणूंच्या खाद्यावर) ठेवायचा, म्हणजे त्याला दाद न देणारेच वाढतात, ३७ अंशांना रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. दुसऱ्या दिवशी कॉलन्या, म्हणजे वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके, मोजायच्या. इथवर सगळं तुझ्या ओळखीचं आहे, तू पुण्यात हेच करतेस.

खरी गंमत यापुढे. समज, आत येणाऱ्या १०० मिलिलिटरमध्ये असे दहा लाख जिवाणू होते आणि बाहेर पडताना दहा हजार राहिले. इंजिनियर म्हणते, ९९ टक्के गेले, प्लँट चोख चालतोय. मी म्हणते, दहा हजार नदीत चाललेत आणि त्यांच्या प्लास्मिडवरची (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यांवरची) जनुकं नदीतल्या दुसऱ्या जिवाणूंकडे जाऊ शकतात. संगणकावरचा मुलगा सांगतो की मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही त्याच्या मोजणीत येतो, तेव्हा त्याचे आकडे माझ्या प्लेटांशी जुळायचे नाहीत. आणि डॉक्टर शांतपणे विचारतात, या दहा हजारांमुळे माझा कोणता पेशंट आजारी पडणार आहे? त्या एका प्रश्नावर आम्ही दोन-दोन तास बसलोय. हे भांडण ज्याला आवडतं त्यानंच या क्षेत्रात यावं. तुझ्या निरोपावरून तुला ते आवडेल असं वाटतं.

पण एक चूक मी केली, ती तू करू नकोस. पहिलं वर्षभर मी सगळीकडे नाक खुपसलं. थोडा ओझोन, थोडं कोडिंग, थोडा क्यूपीसीआर (जनुकांच्या प्रती मोजायची पद्धत). मधल्या मूल्यमापनाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, यात तुमचं काय आहे? मला धड उत्तर देता आलं नाही. मग मी एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे प्लास्मिड जाण्याचा वेग मोजणं हे एकच काम धरलं आणि त्यात हात बसवला. आज गटातल्या कुणालाही ते करायचं असलं की माझ्याकडे येतात. म्हणून मुलाखतीत त्यांना हे विचारच: चार वर्षांनी माझ्या हातात कोणतं एक काम पक्कं असेल, आणि ते मला रोज कोण शिकवणार? "आमचा गट बहुशाखीय आहे" एवढंच उत्तर आलं तर सावध हो. इथे नियमानं निदान दोन मार्गदर्शक असतात. दुसरा कोण आणि तो खरोखर वेळ देतो का, हे त्याच गटातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना फोन करून विचार. विचारलेलं इथे कुणाला खटकत नाही.

आता पैशाचं. इथे पीएचडीला फी नसते, जागा नोकरीची असते. (एमएससाठी मात्र युरोपाबाहेरच्यांना २०११ पासून फी आहे, तेव्हा "आधी एमएस करू, मग बघू" हा विचार कर्ज काढून करू नकोस.) तुला सध्या ३७ हजार रुपये मिळतात. इथे पगार महिन्याला ३० हजार क्रोनांच्या वर असतो आणि कर कापून साधारण तीन चतुर्थांश हातात येतो. एकटीला बरं भागतं, थोडी शिल्लकही पडते. त्रास होतो तो सुरुवातीला. पगार महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास येतो, घरमालक भाडं आणि डिपॉझिट आधी मागतो, आणि बँकेचं खातं लगेच उघडत नाही. आधी करखात्यात नोंदणी होऊन पर्सोननुम्मर (इथला ओळख क्रमांक) मिळतो, मग ओळखपत्र, मग बँक, मग बँकआयडी, म्हणजे बँकेनं दिलेली डिजिटल ओळख. हा बँकआयडी हाती येईपर्यंत डॉक्टरची वेळ घेण्यापासून पार्सल सोडवण्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी अडायला होतं. दोन महिन्यांचा खर्च जवळ ठेवूनच नीघ. घर शोधायला जागा पक्की झाल्याच्या दिवसापासून लाग, आणि घर न बघता कुणालाही पैसे पाठवू नकोस.

करार आधी एक वर्षाचा असतो, मग एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांनी वाढवतात. एकूण चार वर्षं. शिकवण्याचं वीस टक्के काम घेतलं तर पाच. आजारपण किंवा बाळंतपणाची रजा झाली तर तेवढे दिवस पुढे मिळतात. "वैयक्तिक अभ्यास आराखडा" नावाचा एक कागद असतो, तो दरवर्षी नव्याने करतात. तो वाचल्याशिवाय सही करू नकोस. भांडण झालंच तर तोच कागद कामाला येतो.

हा विषय इथेच का इतका जोरात आहे, तेही माहीत असू दे, मुलाखतीत उपयोगी पडेल. २००७ साली स्वीडिश संशोधकांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी जिथे येतं त्या प्रक्रिया केंद्राचं पाणी तपासलं. प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडलं. औषध चालू असलेल्या माणसाच्या रक्तातही इतकं नसतं. पुढे दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या क्लेब्सिएला या जिवाणूत अँटिबायोटिक निकामी करणारं एक नवं एन्झाइम मिळालं, त्याचं वर्णन २००९ मध्ये छापून आलं. तेच एनडीएम-१, न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज. नावातल्या "न्यू दिल्ली"वरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते तुला ठाऊक असेल. मला विचारशील तर नावावर चिडण्यात आपला फार वेळ गेला. तेवढ्या वेळात आपल्या नद्यांचं पाणी मोजून झालं असतं.

हे मी त्रयस्थपणे लिहीत नाही. मी इचलकरंजीची. २०१२ ला गावात काविळीची साथ आली तेव्हा मी कॉलेजात होते. नळाचं पाणी कसं दूषित होतं ते मी पुस्तकात वाचायच्या आधी आमच्या गल्लीत बघितलं. पंचगंगेच्या पाण्यावर काम करायचं हे त्या वर्षी ठरलं, आणि त्यातूनच माझा पीएचडीतला सर्वांत मोठा घोटाळा झाला. माझ्या मूळ आराखड्यात नदीतल्या जिवाणूंचे आयसोलेट, म्हणजे वेगळे करून वाढवलेले जिवाणू, भारतातून इथे आणायचे होते. अनिवासी झालेल्या माणसाला भारतातले जिवाणू संशोधनासाठी घ्यायचे तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. हे ना मला माहीत होतं, ना माझ्या मार्गदर्शकांना. कळलं तेव्हा सुट्टीची तिकिटंही काढून झाली होती. त्या भागाचं जवळजवळ वर्ष गेलं आणि शेवटी पंचगंगा प्रबंधातून गळाली. तुझ्या मनात मुळा-मुठेचं काही असेल तर तो प्रस्ताव पहिल्या महिन्यातच मांड, भारतातली भागीदार प्रयोगशाळा आधी पक्की कर, आणि जेवढं काम तिथेच होईल तेवढं तिथेच करून घे.

रुग्णांचे नमुने वापरायचे असतील तर इथल्या नैतिकता प्राधिकरणाची मंजुरी लागते. तिला वेळ लागतो, पण ते तुझं काम नव्हे, मार्गदर्शकांनी जाहिरात देण्याआधीच करून ठेवलेलं असायला हवं. तेही विचार.

घरी काय सांगू म्हणतेस. आईबाबांना खरं सांग की चार-पाच वर्षं लागतील, डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पहिला हिवाळा जड जातो. हेही सांग की सुट्टी खरोखर मिळते. तिशीच्या आत वर्षाला २८ दिवस, तिशी लागल्यावर ३१, आणि ती घेतली नाही तर उलट तुलाच विचारतात. माझ्या घरच्यांचा जीव मात्र यातल्या कशानं भांड्यात पडला नाही. प्रबंध छापून आला की जाहीर परीक्षेच्या निदान तीन आठवडे आधी तो विद्यापीठात खिळा ठोकून टांगायची रीत आहे इथे, म्हणजे कुणीही यावं, वाचावं आणि परीक्षेला येऊन प्रश्न विचारावेत. मी हातोडी घेतली तेव्हा बाबा फोनवर बघत होते. पहिला खिळा वाकडा गेला. ते तिकडून म्हणाले, "सरळ धर, घाई नको." त्या दिवसानंतर त्यांनी कधी परत येणार हे विचारणं सोडलं.

परत येण्याबद्दल माझं मत विचारलं नाहीस, तरी सांगते. नोकरीची बाजू युरोपात सध्या बरी आहे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या सांडपाण्याच्या नव्या युरोपीय निर्देशानुसार दीड लाख लोकसंख्येच्या वरच्या मोठ्या प्लँटना २०४५ पर्यंत औषधांचे अंश काढणारा चौथा टप्पा बसवायचाय, आणि प्रतिरोधक जिवाणूंवर लक्ष ठेवायचंय. माणसं लागणार आहेत. आपल्याकडे २०२० मध्ये कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकवर मर्यादा घालणारा मसुदा निघाला होता, पुढच्या वर्षीच्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नव्हत्या. याचं मला अजून वाईट वाटतं. नागपूरच्या नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थेत या कामाला जागा आहे, आणि तिथे जाणारी व्यक्ती प्लेट, प्लँट आणि पेशंट तिन्हींची भाषा समजणारी असावी असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः दोन वर्षांत तिकडे अर्ज करणार आहे.

अर्जाच्या पत्रात "लहानपणापासून विज्ञानाची आवड" नको. तुझ्या जेआरएफच्या कामातला एकच निकाल घे, जो अपेक्षेपेक्षा वेगळा आला, आणि तू त्याचं पुढे काय केलंस ते दहा ओळींत लिही. मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. शिफारसपत्रासाठी गाईडना आजच सांगून ठेव. आणि पासपोर्टची मुदत बघून घे, कारण इथला राहण्याचा परवाना त्या तारखेच्या पुढे देत नाहीत.