जुन्या स्विफ्ट डिझेलला कंपनीचेच पार्ट टाकावेत की बाहेरचे चालतात?

तुमची गाडी २०१४ ची स्विफ्ट डिझेल, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली. सर्व्हिस सेंटरने क्लच, पुढचे दोन्ही लोअर आर्म, ब्रेक पॅड, शॉकअप आणि डिझेल फिल्टर असं लांबलचक एस्टिमेट हातात दिलंय. गल्लीतला मिस्त्री म्हणतो, “साहेब, निम्म्यात करून देतो, माल सेमच असतो.” माल खरंच सेम असतो का, एवढाच तुमचा प्रश्न.

कधी कधी असतो. मिस्त्री तुम्हाला फसवतोय असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या हातात येणारा माल सेम आहे की नाही हे त्याला स्वतःलाही बरेचदा माहीत नसतं.

मी भोसरी एमआयडीसीत रबर पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात नऊ वर्षं क्वालिटीला होतो. सस्पेन्शनचे बुश (सांध्यात बसणारे, मध्ये लोखंडी नळी असलेले रबराचे तुकडे), इंजिन माउंटिंग असला माल. आमचा बुश आधी लोअर आर्म, म्हणजे पुढचं चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा, बनवणाऱ्याकडे जायचा, तिथे आर्ममध्ये दाबून बसवला जायचा आणि मग तो आर्म कार कंपनीच्या लाइनवर. कार कंपनी गाडीतले बहुतेक पार्ट स्वतः बनवतच नाही, हे पुणे-चाकण पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. गॅब्रिएलचे शॉकअप चाकणला बनतात, सेंट गोबेनच्या गाडीच्या काचाही चाकणलाच, एक्सेडीचे क्लच छत्रपती संभाजीनगरला. तेव्हा ‘कंपनीचा पार्ट’ म्हणजे कंपनीने तपासून घेतलेला, कंपनीच्या खोक्यात भरलेला आणि कंपनीचा पार्ट नंबर लावलेला कुणा दुसऱ्याचा माल. त्या तपासणीचे आणि खोक्याचे पैसे तुम्ही देता. तपासणीचे द्यावेत असं माझं मत आहे. खोक्याचे टाळता येतात का, ते पुढे बघू.

आमच्याकडे प्रेसवर दोन डाय, म्हणजे साचे, होत्या. एकीवर ‘ही कार कंपनीच्या मालकीची’ असं सांगणारी पत्र्याची पट्टी रिव्हेट केलेली. त्या डायमधला एक बुशही बाहेर विकायचा नाही असा करार. दुसरी डाय मालकांनी स्वतःच्या पैशाने केलेली, ‘मार्केट’साठी. मापं जवळपास तीच. हार्डनेस मोजला तर दोन्हींचा आकडा सारखाच, म्हणजे हातात घेऊन, दाबून, वास घेऊन फरक कळणं अशक्य. फरक असायचा रबराच्या मिश्रणात. मार्केटच्या मालात रिक्लेम, म्हणजे जुन्या टायरट्यूबपासून काढलेलं रबर, बरंच जास्त. ७० अंशाच्या ओव्हनमध्ये काही दिवस ठेवलं की दोघांच्या वाटा वेगळ्या व्हायच्या. एक जरासा कडक व्हायचा आणि तसाच राहायचा. दुसऱ्याला बारीक भेगा पडायच्या आणि लोखंडी नळीपासून रबर सुटायला लागायचं. शिवाय कार कंपनीच्या प्रत्येक बॅचबरोबर टेस्ट रिपोर्ट जायचा. मार्केटच्या मालाचा रिपोर्ट कोणी मागितला तर निघायचा. नऊ वर्षांत दोनदा मागितला.

सगळीकडे असंच चालतं असा याचा अर्थ काढू नका. मोठ्या नावाच्या कंपन्या स्वतःच्या खोक्यातही चांगला माल देतात, कारण बाहेर त्यांचं नाव पणाला लागलेलं असतं. आमच्या मालकांच्या खोक्यावरचं नाव बाजारात कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा जायला नावच नव्हतं.

त्या पट्टीवाल्या डायच्या करारावरून आठवलं. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. पार्ट बनवणाऱ्यांना खुल्या बाजारात माल विकू न देणं आणि बाहेरच्या गॅरेजना पार्ट व तपासणीची यंत्रं न मिळू देणं, हे त्यातले मुख्य आक्षेप. केवळ बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी रद्द करू नये, असंही त्या आदेशात होतं. पुढे प्रकरण अपिलात गेलं, दंडावर वाद झाले. तुमची गाडी केव्हाच वॉरंटीबाहेर गेली आहे, त्यामुळे तुम्हाला याचा थेट उपयोग नाही. पण वॉरंटीतल्या गाडीचा कोणी मालक हे वाचत असेल तर ‘बाहेर बोनेट उघडलं तरी वॉरंटी गेली’ या सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराच्या धमकीला लगेच घाबरू नये. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

आता बाजाराकडे. पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत काउंटरवर उभे राहाल तेव्हा ‘ओरिजिनल’, ‘ओईएम’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे शब्द कानावर पडतील. ओरिजिनल म्हणजे कार कंपनीचं खोकं. ओईएम म्हणजे खरं तर जो कार कंपनीला पुरवतो त्याच बनवणाऱ्याचा माल, त्याच्या स्वतःच्या खोक्यात. कधी कधी अशा पार्टवर कार कंपनीचा लोगो होता तिथे ग्राइंडर फिरवलेला दिसतो. ते बघून घाबरू नका, उलट तो बरेचदा त्याच डायचा माल असतो. लोकल म्हणजे बसतो एवढीच खात्री. आणि डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं खोटं खोकं. अडचण अशी की काउंटरवर ‘ओईएम आहे साहेब’ हे वाक्य लोकल मालालाही सर्रास लावतात. म्हणून शब्दावर जाऊ नका, नाव विचारा. कोणी बनवलाय?

त्याचं उत्तर तुमच्याच गाडीत आहे. तुमच्या आधी कोणी बदलला नसेल तर जुना पार्ट फॅक्टरीतून आलेला. तो उतरवला की फडक्याने पुसा आणि त्यावर कोरलेलं नाव वाचा. क्लच प्लेटवर, शॉकअपच्या नळीवर, ब्रेक पॅडच्या मागच्या पत्र्यावर बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण सापडते. तेच नाव बाजारात स्वतःच्या खोक्यात मिळतंय का ते बघा. मिळालं तर कार कंपनीच्या खोक्याचे जादा पैसे वाचले. पुढच्या काचेचं उदाहरण घ्या. मूळ काचेच्या कोपऱ्यात गाडीच्या कंपनीचा आणि काच बनवणाऱ्याचा असे दोन्ही लोगो असतात. बाहेरून घेतली तर फक्त बनवणाऱ्याचा. आयएसआयचा शिक्का तेवढा दोन्हींवर हवा.

तुमच्या यादीकडे येतो. क्लचमध्ये पार्टपेक्षा मजुरीचा विचार आधी करा. गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय क्लच बदलत नाही. हजार-दीड हजार वाचवायला लोकल प्लेट टाकली आणि ती वर्षभरात घसरायला लागली, तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा, मजुरी पुन्हा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण सेट एकाच बनवणाऱ्याचा घ्या. लुक, व्हॅलिओ, एक्सेडी हे सगळे स्वतःच्या खोक्यात सेट विकतात. यांच्यापैकी ज्याचं नाव जुन्या प्लेटवर असेल त्याचा सेट घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त प्लेट बदलून बेअरिंग जुनंच ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडून नको म्हणा.

लोअर आर्मबद्दल मी बोलायला नको खरं तर. माझी पण स्विफ्ट डिझेलच, २०१२ ची. मेव्हण्याच्या लग्नाला निघालो होतो, साताऱ्याजवळ पुढून खडखड सुरू झाली. तिथल्या मिस्त्रीने लोकल आर्म दाखवला. मी रबरवाला माणूस! नख रुतवून बघितलं, ‘चांगलं आहे’ म्हणून मान डोलावली आणि बसवून घेतला. सात महिन्यांनी पुढच्या टायरची आतली कड जाळी दिसेपर्यंत घासलेली. बुश सुटला होता, चाक आत झुकलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. आर्मवर वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट दोन टायरना गेले. बायको अजून विचारते, नऊ वर्षं तिथे काय करत होतास म्हणून. तेव्हा आर्म एकतर कंपनीच्या खोक्यातला किंवा जुन्या आर्मवर कोरलेल्या नावाचा. बदलल्यावर व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी.

ब्रेक पॅडला मी याहून कडक आहे. पॅड स्वस्त असतो म्हणून लोक इथे चालवून घेतात. पण घाटात उतारावर ब्रेक तापला की पॅडच्या मसाल्यातला, म्हणजे घासणाऱ्या थरातला, फरक कळतो. थंड ब्रेकवर दोन्ही सारखेच लागतात, त्यामुळे गल्लीत मारलेल्या टेस्ट राइडला काही अर्थ नाही. मसाला पत्र्यापासून सुटलेला पॅडही मी हातात घेतलाय. कार कंपनीचा घ्या किंवा ब्रेक्स इंडिया, बॉश अशा नावाजलेल्या बनवणाऱ्याचा, पण बिलासकट.

शॉकअप नावाच्या कंपनीचे, जोडीने. जास्त डोकं चालवायची गरज नाही.

डिझेल फिल्टर दिसायला सगळ्यात किरकोळ, पण तुमच्या इंजिनात इंजेक्टरला डिझेल हजार बारच्याही वरच्या दाबाने जातं आणि इंजेक्टरची भोकं केसापेक्षा फार मोठी नसतात. फिल्टरमधून बारीक कचरा किंवा पाणी निसटलं तर खर्च इंजेक्टरचा होतो, आणि तो एस्टिमेटमधल्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त दुखेल. कंपनीचा फिल्टर किंवा बॉश, माहले यांच्यासारखा. ऑइल फिल्टरच्या बाबतीत मात्र तुमचं नशीब चांगलं आहे. हे १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचं. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही बनायचं, आणि स्विफ्टबरोबरच पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मान्झा अशा कितीतरी गाड्यांत बसलं. त्यामुळे त्याच्या ऑइल फिल्टरचं कार्ट्रिज चांगल्या चांगल्या बनवणाऱ्यांकडून सहज मिळतं.

वायपर, एसीचा फिल्टर, बल्ब, मॅट, आरशाचं कव्हर यांना बिनधास्त बाहेरचं घ्या. बंपर, फेंडर लोकल घेतले तर फटी जुळत नाहीत आणि रंगाऱ्याचं काम वाढतं, पण त्याने जीव जात नाही. विम्यातून काम होत असेल तर कंपनीचाच मागा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, नसेल तर प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापून उरलेलंच मिळतं, हे आधी माहीत असू द्या. एअरबॅग आणि तिचे सेन्सर मात्र भंगारातून उतरवलेले, कितीही ‘कडक पीस’ असले तरी घेऊ नका.

आता मधला रस्ता, जो सर्व्हिस सेंटर सांगत नाही आणि मिस्त्रीलाही फारसा आवडत नाही. मारुतीचे खरे पार्ट अधिकृत वितरकांच्या काउंटरवर कुणालाही मिळतात. तुम्ही स्वतः जाऊन घ्या, पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरवरून जुळवून घ्या आणि बसवायला गल्लीतल्या मिस्त्रीकडे द्या. एस्टिमेटमधला मोठा हिस्सा मजुरीचा असतो, तो इथे कमी होतो. मिस्त्रीचं पार्टवरचं कमिशन बुडतं, म्हणून त्याला मजुरी थोडी जास्त द्या आणि तसं आधीच बोलून घ्या, नाहीतर ‘तुमचाच माल आहे, मी जबाबदार नाही’ हे ठरलेलं.

कंपनीच्या खोक्यावर काउंटरला पाच-दहा टक्के सुटतात. कोणी कंपनीचाच माल चाळीस टक्के कमी करून देत असेल तर खोकं खरं असेल, आतला माल नाही. रिकामी खोकी गॅरेजमधून विकत घेणारे फिरतात. म्हणून पार्ट बसला की खोकं फाडून टाका, होलोग्रामवर नखाने रेघ मारा. मी तर मिस्त्रीसमोरच फाडतो, त्याला राग येतो तो येतो.

आणि बिल. ‘बिल हवं तर जीएसटी वर लागेल’ हे ऐकाल. छापील किमतीत कर धरलेलाच असतो, त्यामुळे वर काही लागत नाही. सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्टवर १८ टक्केच जीएसटी आहे, पूर्वी बऱ्याच पार्टवर २८ होता. तेव्हा जुन्या छापाच्या खोक्यावर नवी किंमत विचारून घ्या. बिल का हवं, तर खऱ्या खोक्यातला पार्टही कधी खराब निघतो. कंपनीच्या खोक्यातलं रिलीज बेअरिंग माझ्याकडे तीन महिन्यांत किरकिरायला लागलं होतं. बिल होतं म्हणून वितरकाने बदलून दिलं, मजुरी तेवढी माझी गेली.

क्लच उतरवायच्या दिवशी गॅरेजमध्ये स्वतः उभे राहा आणि जुन्या प्लेटवरचं नाव इथे कळवा, त्यावरून कोणता सेट मागायचा ते सांगतो. लोअर आर्मचा फोटो टाकलात तरी चालेल, बुश खरंच गेलाय की सर्व्हिस सेंटरने उगाच लिहिलाय ते बघून सांगता येईल.