जपानी स्त्रिया सर्वांत जास्त जगतात, म्हणजे त्यांचे म्हातारपणही आपल्याकडच्या स्त्रियांपेक्षा सुखाचे असते का?

जपानी स्त्रियांचे सरासरी आयुर्मान सुमारे ८७ वर्षे असल्याचे वाचून आपण हा प्रश्न विचारला आहे. मात्र आयुष्य लांबले म्हणून म्हातारपण सुखाचे झाले, असे जपानचे आकडेही म्हणत नाहीत. आजारपणाची आडकाठी न येता नेहमीचे व्यवहार करता येतात ती वर्षे तिथे स्वतंत्रपणे मोजली जातात आणि स्त्रियांच्या वाट्याला अशी सुमारे ७५ वर्षे येतात. म्हणजे शेवटची जवळजवळ १२ वर्षे दुखण्याखुपण्यात जातात. पुरुषांच्या बाबतीत हा काळ साडेआठ-नऊ वर्षांचा आहे. जास्त जगणे आणि जास्त काळ दुखणे सोसणे हे बहुतेक सर्व देशांतील स्त्रियांच्या नशिबी एकत्रच येते.

फरक पडतो तो ही वर्षे कोणाच्या आधाराने जातात यात. वृद्धांची सेवा ही थोरल्या सुनेची जबाबदारी, ही रीत जपानमध्येही होती. २००० साली तिथे शुश्रूषा विमा सुरू झाला. चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो आणि गरज पडल्यावर मदतनीस घरी येतो किंवा दिवसभराच्या केंद्रात सोय होते. ओकिनावा बेटांवर याच्या जोडीला ‘मोआई’ असते. मुळात ती आपल्या भिशीसारखीच पैशांची मंडळी, पण त्यानिमित्ताने म्हाताऱ्या मैत्रिणी वर्षानुवर्षे नियमाने भेटत राहतात. मला ही गोष्ट विम्याइतकीच मोलाची वाटते.

आपल्याकडे नवरा बहुधा वयाने मोठा, त्यामुळे पुष्कळ स्त्रियांचे म्हातारपण वैधव्यात जाते आणि हातात स्वतःचा पैसा क्वचितच असतो. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा साठ ते एकोणऐंशी या वयासाठी महिना २०० रुपये आहे. राज्ये त्यात भर घालतात, तरी दरवेळी औषधासाठी मुलाकडे हात पसरण्याचा संकोच संपत नाही.

शिवाय दुखणे सांगण्याची रीतही जागोजागी वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजणारी २६ प्रश्नांची प्रश्नावली आहे. त्यातला ‘तुम्ही तुमच्या प्रकृतीबाबत किती समाधानी आहात?’ हा प्रश्न मी माझ्या मावशीला मराठीतून विचारला. “बरंच म्हणायचं की,” असे ती म्हणाली, पण तिचा हात गुडघा चेपत होता आणि उठताना तिने खाटेचा आधार घेतला. मग मी विचारले, “देवळात शेवटची कधी गेली होतीस?” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “दाराच्या दोन पायऱ्या उतरवत नाहीत गं. संकष्टीलासुद्धा घरातूनच हात जोडते.”

त्या पायऱ्यांना आम्ही त्याच आठवड्यात लोखंडी कठडा बसवून घेतला.