"पोरीला आणायचं, मग मला का बसवतात?"

प्रश्न: ताई नमस्कार, मी निपाणीजवळच्या एका गावची, घरी विड्या वळते. माझी मुलगी ९ वर्षांची. आमच्या नात्यातल्याच एका माणसाने तिच्याशी वाईट केलं, तंबाखूच्या वखारीत कामाला होता तो. पोरीने सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही तक्रार दिली, आता तो आत आहे. पण पोरगी रात्री अंथरूण ओलं करते, आणि मी सूप घेऊन विड्यांना बसले की तिला ओकाऱ्याच येतात. समुपदेशनाला नेतो तर मॅडम अर्धा वेळ मलाच आत बसवतात, म्हणजे माझंच काय चुकलं असं त्यांना वाटतं का? सासूबाई म्हणतात किती उकरायचं ते, विसरू दे पोरीला. शिवाय मॅडमचं मराठी तोडकंमोडकं, पोरगी गप्पच बसते. कोल्हापूरला नेलं तर केसला काय होईल का?

उत्तर: अक्का, तुमचं काही चुकलेलं नाही. उलट पोरगी सांगायला आली ती तुमच्याकडे आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी तक्रार दिली, हे किती घरात होतं ते मला चांगलं माहिती आहे. अशा मुलांसाठी ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी म्हणून एक पद्धत आहे, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्यावर बोलून-शिकवून करायचा उपचार, साधारण १२ ते १६ बैठका, कधी जास्तपण लागतात, आणि तिच्यात मुळातच निम्मा वेळ आईबापासाठी ठेवलेला असतो. कारण मॅडम भेटणार आठवड्यातून एक तास, बाकीचं सगळं पोरगी तुमच्याजवळ असणार. ती रात्री दचकून उठली तर काय बोलायचं, रागाने ताट आपटलं तर ओरडायचं की नाही, हे तुम्हाला शिकवायलाच आत घेतात. तुमचं स्वतःचं रडूपण तिथंच काढा, पोरीसमोर नको.

ओकाऱ्यांचं मॅडमना सांगितलं का हो? पत्रात तसं दिसत नाही, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. त्या माणसाच्या अंगाला जर्द्याचा वास असणार आणि तुमच्या सुपातपण तोच जर्दा, पोरीच्या अंगाला दोन्हीत फरक कळत नाही, वास आला की तो माणूसच आला. नाटक नव्हे ते. निपाणीत राहून हा वास टाळायचा म्हणजे कुठं जायचं, आणि विड्या सोडा म्हणून मी सांगणार नाही, पोट आहे. सध्या सूप मागच्या सोप्यात न्या, ती शाळेला गेली की वळा. नंतर मॅडम तिला हळूहळू, पायरी पायरीने, वास तोच असला तरी तो माणूस इथं नाही हे शिकवतील. घाई करून "बघ, काय होत नाही" म्हणत सूप तिच्यापुढे ठेवू नका.

अंथरुणाचं म्हणाल तर रागवू नका, दुसऱ्यांसमोर तर अजिबात बोलू नका. मुकाट चादर बदलायची. तरी एकदा डॉक्टरला दाखवा, लघवीचं इन्फेक्शनपण असू शकतं.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. घरात आलेल्या प्रत्येकाने "काय झालं गं" विचारायचं नाहीच, त्याने पोरीला त्रास होतो आणि कोर्टात समोरचा वकील म्हणायला मोकळा की पोरीला शिकवून आणलंय. पण विसरू दे म्हणून गप्प बसवलं तर तिला वाटतं आपणच काहीतरी घाण केलं. ती स्वतः बोलली तर ऐका, नाही बोलली तर राहू दे.

आता कोल्हापूर. खुशाल न्या, केस इकडची, कर्नाटकातली, ती इकडेच चालते, समुपदेशन तिकडे घेतलं म्हणून काही बिघडत नाही. पोरगी ज्या भाषेत भांडते त्याच भाषेत तिला बोलता आलं पाहिजे. फक्त बाल कल्याण समितीला कळवा, आणि त्यांनी सपोर्ट पर्सन, म्हणजे केसभर पोरीच्या सोबतीला राहणारा मदतीचा माणूस, दिला नसेल तर अर्ज करून मागा, पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत ती सोय आहे. तक्रारीचे कागद कन्नडमध्ये असले आणि पोरीला समजत नसतील तर दुभाषा मागायचा, तेपण कायद्यात आहे, उपकार नव्हे. साक्षीच्या वेळी तिला त्याच्यासमोर उभं करत नाहीत, बंद दाराआड होतं आणि तुम्ही जवळ बसू शकता. केस संपायच्या आधीच उपचारासाठी अंतरिम भरपाई मागता येते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट वकील मिळतो त्याला विचारा.

कोणी केस मागे घ्या म्हणून दाबायला लागलं तर पोलिसांना सांगा, मुलांसाठीचा मदतीचा फोन १०९८ पण आहे. आणि तुमचंच डोकं रात्री सुन्न व्हायला लागलं तर १४४१६ ला फोन करा, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, पैसे पडत नाहीत.

पोरीच्या बाबांचं पत्रात कुठंच नाव नाही. त्यांनाही पुढच्या बैठकीला घेऊन जा, एक दिवसाचा पगार बुडाला तरी चालेल.