स्कोअर नको, सामना बघ

लष्कर, ग्वाल्हेर
३ मे २०२४

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी फाटकाशी उभ्याउभ्या तू जे बोललास त्याचं उत्तर तिथेच दिलं असतं, पण तुझा अंगठा सारखा मोबाइलवर. म्हणून लिहितोय.

बर्फावरच्या हॉकीत बोस्टनविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत टोरांटो १-३ मागे पडलं तसं तू बघणं सोडलंस. लागोपाठ दोन सामने जिंकून त्यांनी ३-३ केलं आणि तुझा जीव पुन्हा त्यात अडकला. आता तुला स्वतःचीच लाज वाटते, त्यात कॅनडातली, मिसिसॉगाची आत्या चिडवते. वाटू दे लाज, दोन दिवसांत जाते. मला खटकलं ते वेगळंच. शेवटच्या, सातव्या सामन्याचं तू म्हणालास, रविवारी आठ-नऊला उठून आधी निकाल बघणार, जिंकले असतील तर हायलाइट, हरले असतील तर पोहे खाऊन मोकळा. हे नाही चालायचं. स्कोअर बघायचा नाही, सामना बघायचा.

बर्फावरच्या त्या हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण आज पहाटेचे टोरांटोचे दोन्ही गोल तू दाखवलेस ते बघितले. नायलँडर, परत नायलँडर, संपलं. अरे, पहिला गोल व्हायला जवळजवळ दोन पिरियड लागले, ती चाळीस मिनिटं कुठे गेली? मोसमात ६९ गोल मारणारा मॅथ्यूज बाहेर बसलेला असताना बाकीच्यांनी खिंड कशी लढवली? विचारलं तर तुला सांगता आलं नाही. कसं सांगणार? तू सामना बघितलाच नव्हतास.

१५ मार्च १९७५. क्वालालंपूरला आपल्या मैदानी हॉकीच्या विश्वचषकाची फायनल, समोर पाकिस्तान. दालबाजारात एका दुकानाच्या फळीवर रेडिओ, त्यातून जसदेव सिंगांचा आवाज आणि भोवती आम्ही पोरं. पहिला गोल पाकिस्तानचा. सुरजितनं बरोबरी केली. मग अशोककुमारचा फटका खांबाला लागून बाहेर आला, पंचांनी गोल दिला आणि पाकिस्तानी हुज्जत घालायला लागले. दुकानदाराच्या एका हातात वजन, दुसऱ्या हातात डाळीची पुडी. गिऱ्हाईकही काही मागेना. अशोककुमार म्हणजे ध्यानचंदांचा मुलगा, आपल्या रूपसिंगांचा पुतण्या, म्हणजे तो गोल निम्मा ग्वाल्हेरचाच. (रूपसिंगांच्या नावाच्या स्टेडियमवर सचिननं काढलेल्या २०० धावा सगळ्यांना पाठ आहेत. १९३२च्या ऑलिंपिकला अमेरिकेला २४-१ हरवलं त्यात रूपसिंगांचे १० गोल होते, हे विचार बघू कुणाला.) २-१ हा आकडा तुला आज कुणीही सांगेल. ते हातात राहिलेलं वजन कोण सांगणार?

तू म्हणशील, काका, तुम्हीही हॉकी बघणं सोडलंच होतं की. सोडलं होतं. १९८२ला दिल्लीत आशियाई खेळांच्या फायनलला पाकिस्तानविरुद्ध पहिला गोल आपला, आणि शेवटी १-७. १९८६ला लंडनमध्ये विश्वचषकाला बारा संघांत पाकिस्तान अकरावं, आपण बारावे! त्यानंतर मी टीव्ही लावला नाही. याला कुणी पळपुटेपणा म्हणो. पण निकाल विचारून मग खुश व्हायला मी कधी आलो नाही. सोडलं ते पुरतं सोडलं, त्यातही एक इमान होतं. चुटपुट आहे ती धनराज पिल्लेची. आपला खडकीचा पोरगा, १९९८ला बँकॉकच्या आशियाई खेळांतून सुवर्ण घेऊन आला, आणि त्याची ऐन भरातली वर्षं मी पेपरातल्या चार ओळींत वाचली. त्या ओळींत तो धावत नाही रे.

५ ऑगस्ट २०२१ला टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यपदकाच्या सामन्याला तुझ्या काकूनं बळंच टीव्हीसमोर बसवलं. जर्मनी ३-१ पुढे. उठलो नाही. आपण ५-४ केलं, आणि शेवटच्या पेनल्टी कॉर्नरला घड्याळात सात सेकंदही उरले नव्हते. आपला गोलरक्षक श्रीजेशनं तो अडवला. हायलाइटमध्ये ते क्षणात होऊन जातं. मी त्याआधीचा सगळा वेळ खुर्चीचा हात धरून काढला होता, म्हणून मला ते पोचलं.

तुझी भीती कळते. २०१३, २०१८, २०१९, तिन्ही वेळा सातव्या सामन्यात टोरांटोला बोस्टननंच घरी पाठवलं. २०१३ला तर शेवटच्या, तिसऱ्या पिरियडमध्ये ४-१ पुढे होते, शेवटच्या दीड मिनिटात दोन गोल खाल्ले आणि जादा वेळेत गेले. १९६७पासून स्टॅनली कप, म्हणजे त्यांचं विजेतेपद, नाही. याही वेळी हरतील कदाचित. मग? प्लेऑफमध्ये, म्हणजे या बाद फेरीत, बरोबरी झाली तरी पेनल्टीवर निकाल लावणारा शूटआउट नसतो, गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटं खेळतच राहतात, हे तूच सांगितलंस ना? तेव्हा काय आत्याचे मेसेज वाचत बसणार आहेस? अख्खा सामना बघ. पहिल्या मिनिटापासून. मधे उठायचं नाही.

शनिवारी दहाला झोप. सामना आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला, मी पाचला येतो. मोबाइल आईकडे देऊन ठेव, आणि बाबांना सांग फाटकाला कुलूप घालू नका, मागच्या वेळी हाका मारून मारून माझा घसा बसला होता.

तुझा,
काका