वाचकांचे प्रश्न : अंबापाणीची 175 वर्षे

प्रश्न : 11 एप्रिल 2033 रोजी अंबापाणीच्या लढाईला 175 वर्षे होतील. 1857 च्या युद्धात खानदेशातले भिल्ल इंग्रजांशी जिथे भिडले, ती ही लढाई. स्मरणवर्षासाठी राज्य शासनाने आयोग नेमावा, असे निवेदन आम्ही तयार करत आहोत. ते कुणाला आणि कसे द्यावे?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : आयोगाऐवजी राज्यस्तरीय समिती मागा. 1952 चा आयोग कायदा चौकशीसाठी आहे, आणि वैधानिक आयोगासाठी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावे लागते. समिती शासन निर्णयाने नेमता येते. निवेदन सांस्कृतिक कार्य विभागाला द्या, प्रत आदिवासी विकास विभागाला. ग्रामसभांचे ठराव जोडा आणि आमदारांना सभागृहात अशासकीय ठराव (मंत्री नसलेल्या सदस्याचा ठराव) मांडायला सांगा.

शासन निर्णयात सदस्य-सचिव म्हणून सेवेतला अधिकारी हवा, आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कोषागारातून पैसे काढून देणारा अधिकारी, कोण ते लिहिलेले हवे आणि लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या खाती पडेल ते शीर्ष, दिलेले हवे. हे नसेल तर मंजूर रक्कमही कोषागारातून निघत नाही. सदस्य पंधराच्या आत ठेवा. यादी लांबली की गणपूर्तीअभावी बैठका तहकूब होतात.

खरी अडचण तारखेची आहे. 31 मार्चला न खर्चलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे परत जातो, नव्या वर्षाचा निधी 11 एप्रिलपर्यंत हाती येत नाही. म्हणून पुस्तके, प्रदर्शन, शिलालेख यांची देयके फेब्रुवारी 2033 पर्यंत चुकती व्हायला हवीत. त्यासाठी 2032-33 च्या अर्थसंकल्पात तरतूद लागेल. म्हणजे प्रस्ताव 2031 च्या हिवाळ्यापूर्वी वित्त विभागात पोहोचला पाहिजे. समितीची मुदत मार्च 2034 पर्यंत मागा, नाहीतर हिशेब अर्धवट राहतात.

ठिकाणाचीही खात्री करा. सातपुड्यात अंबापाणी नावाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत. लढाईची नोंद बडवानी संस्थानाच्या हद्दीतली आहे, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातली. तिथे काही उभारायचे तर त्या शासनाची संमती लागेल, आणि जमीन वनखात्याची असेल तर वन संवर्धन कायद्याखाली परवानगीही. ती वर्षभर रेंगाळू शकते. स्मारक शिरपूर किंवा चोपडा तालुक्यात ग्रामपंचायतीच्या जागेवर करणे सोपे.

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा मात्र नावांच्या शोधाला द्या, ही आमची कळकळीची विनंती. खाज्या नाईक, भीमा नाईक या भिल्ल नेत्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्या दिवशी पकडून नेलेल्या स्त्रियांची आणि लढाईनंतर गोळ्या घातलेल्या माणसांची नावे कुठल्या फलकावर आहेत? मुंबईच्या पुराभिलेखागारातले 1857 ते 1860 चे पोलिटिकल व ज्युडिशियल विभागांचे खंड वाचून घ्यावे लागतील. इंग्रजांनी नावे ऐकली तशी लिहिली आहेत. खाज्या नाईकच कागदांत काजरसिंग म्हणून सापडतो. म्हणून हे कागद वाचणाऱ्यांच्या गटात इंग्रजी दफ्तर आणि मोडी जाणणाऱ्यांबरोबर भिल्ली, पावरी बोलणारी माणसे बसवा. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि जळगावचे विद्यापीठ यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी घ्या. यादी गावोगावच्या ग्रामसभांत वाचून, हरकती ऐकून मगच दगडावर कोरा. कोरलेले नाव चुकले तर दुरुस्तीला निधी कुठल्याच शीर्षाखाली मिळत नाही.