किल्ले जरूर पाहा, पण एससीएसएस मोडू नका

प्रश्न: आम्ही दोघंही निवृत्त, वय 64 आणि 61. मुलगी म्युनिकला असते. तिच्याकडे महिनाभर राहून, सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परतायचं, असे सावकाश तिकडचे किल्ले बघायचेत. विमानभाडं दोघांचं 1,45,000 आणि बाकी सगळं धरून 6 लाख लागतील असा अंदाज आहे. सव्वा वर्षापूर्वी एससीएसएसमध्ये (ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत) ठेवलेले 10 लाख काढावेत का? मार्चमध्ये 4 लाखांची एफडी सुटतेय, ती तशीच ठेवावी म्हणतो. बचत खात्यात 3 लाख आहेत. की सहा देशांची नऊ दिवसांची टूर हप्त्यांवर घ्यावी?

उत्तर: जा. मात्र पैसे एफडीचे वापरा, एससीएसएसला हात लावू नका. त्यातून हवे तेवढेच काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. एक ते दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे तुमचे 15,000 रुपये कापले जातील. शिवाय 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 20,500 थांबतील ते वेगळेच. घरखर्च बहुधा त्याच्यावरच चालत असेल.

मुळात 6 लाख लागणारच नाहीत. राहणं-जेवण लेकीकडे, म्हणजे युरोपातला सगळ्यात मोठा खर्च वाचला. युरो 105 रुपयांनी धरू. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे माणशी 90 युरो, दोघांचे साधारण 19,000. विम्याचे 15,000 धरा आणि बीपी-शुगर असेल तर ते फॉर्मवर लिहाच. लपवलं तर दावा नाकारला जातो. आठ सहलींची प्रवेश तिकिटं आणि बाहेरचं खाणं मिळून 50,000. राहिला प्रवास, आणि खरी बचत तिथेच आहे.

जर्मनीत 'डॉइचलांडटिकेट' नावाचा मासिक पास मिळतो. जानेवारी 2026 पासून तो 63 युरोंना आहे. देशभरातल्या साध्या रेल्वे, बस, मेट्रो त्यात येतात. वेगवान आयसीई गाड्या येत नाहीत. पण हा पास कॅलेंडर महिन्याचा असतो. 15 मे ते 15 जून राहिलात तर सहसा माणशी दोन पास घ्यावे लागतील, 1 ते 31 मे राहिलात तर एकच. दोघांचे 126 युरो, म्हणजे जेमतेम 13,000 रुपये. त्यामुळे विमानाची तारीख पासावरून ठरवा. आणि लेकीला बजावून ठेवा की त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत पास रद्द करायचा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात.

विमानभाडं धरून सगळं मिळून 2,42,000. भेटवस्तू, खरेदी आणि अडीअडचणीला आणखी 80,000 धरले तरी सव्वातीन लाखांच्या आत. एफडीत पाऊण लाख उरतात आणि बचत खात्यातले 3 लाख दवाखान्यासाठी शाबूत राहतात.

पैसे कुठे घालवायचे त्याबद्दलही थोडं सांगतो. नॉयश्वानस्टाईन हा तिकडचा प्रसिद्ध किल्ला सगळेच बघतात, तुम्हीही बघा. पण तो लढाऊ किल्ला नव्हे. बव्हेरियाचा (म्युनिक ज्या प्रांतात आहे तिथला) राजा लुडविग दुसरा याने 1869 मध्ये बांधायला घेतलेला तो हौसेचा महाल आहे. या हौसेपायी 1885 पर्यंत राजाच्या डोक्यावर 1 कोटी 40 लाख मार्कांचं (तेव्हाचं जर्मन चलन) कर्ज झालं होतं, त्यामुळे हप्त्यांवर फिरायच्या कल्पनेवर त्याचं मत विचारायला नको! गाईडबरोबर आत जेमतेम अर्धा तास मिळतो, आणि त्याआधी अर्धा-पाऊण तास चढ चढावा लागतो. तिकीट ऑनलाइन, ठरावीक वेळेचंच काढा. वेळ चुकली तर पैसे बुडाले. गडकोटांची आवड असेल तर बुर्गहाउझेनला जा. तो 1,051 मीटर लांब किल्ला आहे, तट-दरवाजे असलेला, आणि बराचसा रमतगमत चालत बघता येतो. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असलं तरी तिथल्या स्टेशनापर्यंत हाच पास चालतो, आणि वर होहेनसाल्झबुर्ग किल्ल्यावर जायला दोरखंडाची रेल्वे आहे. गुडघ्यांचा विचार करता तेवढं भाडं द्यायला का-कू करू नका.

सहा देशांच्या टूरमध्ये हे किल्ले बसच्या खिडकीतूनच दिसतील, आणि हप्ते मात्र परत आल्यावरही चालू राहतील. मला तो सौदा पटत नाही.

कार्ड वापरताना मशीन रुपये की युरो असं विचारतं, तिथे युरोच निवडा. परकीय चलनावर किती शुल्क लागतं तेही बँकेला आधी विचारा. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागतो. एफडी आपोआप नूतनीकरणावर टाकली असेल तर मार्चआधीच बँकेत लेखी सूचना देऊन ती थांबवा.