अजिंक्यपद एकीकडे, सन्मान दुसरीकडे

प्रश्न : अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये २०२५ साली लास व्हेगास एसेस संघ विजेता ठरला, तरीही सर्वोत्तम प्रशिक्षकाचा सन्मान त्यांच्या बेकी हॅमन यांना न मिळता गोल्डन स्टेट व्हाल्कीरीजच्या नताली नाकासे यांना मिळाला. व्हाल्कीरीज तर बाद सामन्यांच्या पहिल्याच फेरीत हरल्या होत्या. मग हे कसे?

उत्तर : या सन्मानासाठी क्रीडा पत्रकार मतदान करतात आणि ते केवळ साखळी सामन्यांपुरते असते. हॅमन यांच्या संघाने ऑक्टोबरमध्ये अंतिम फेरीच्या मालिकेत फिनिक्सला ४-० असे नमवले, तेव्हा हा निकाल जाहीर होऊन तीन आठवडे उलटले होते.

आता नाकासे यांच्या हाती काय होते ते पाहा. लीगमध्ये २००८ नंतर प्रथमच नवा संघ येत होता आणि त्या वर्षी आलेल्या अटलांटाने पहिल्या हंगामात ३४ पैकी अवघे ४ सामने जिंकले होते. इतर संघांनी प्रत्येकी ६ खेळाडू राखून ठेवल्यावर जे उरले, त्यांतून प्रामुख्याने व्हाल्कीरीजची बांधणी झाली. जूनमध्ये युरोपीय स्पर्धेसाठी काही जणी निघून गेल्या, तर जुलैमध्ये केला थॉर्नटनचा हंगाम गुडघ्याच्या दुखापतीने संपला. असे असूनही कडव्या बचावाच्या बळावर संघाने ४४ पैकी २३ सामने जिंकले आणि पदार्पणातच बाद फेरी गाठणारा तो लीगमधला पहिला नवा संघ ठरला. कनेक्टिकटने न राखलेली व्हेरोनिका बर्टन तर वर्षातील सर्वाधिक प्रगती करणारी खेळाडू म्हणून निवडली गेली. प्रशिक्षकाचे काम मोजायला माझ्या मते याहून चांगले माप नाही.

हॅमन यांचे श्रेय यामुळे उणावत नाही. २ ऑगस्टला मिनेसोटाने एसेसला तब्बल ५३ गुणांनी लोळवले, तेव्हा त्यांचे १४ विजय आणि १४ पराभव झाले होते. त्यानंतरचे साखळीतील सोळाच्या सोळा सामने त्यांनी जिंकले. केवळ त्या दीड महिन्यावर मतदान झाले असते, तर माझे मत हॅमन यांनाच गेले असते. संपूर्ण हंगामाचा विचार करता मात्र मी नाकासे यांच्याच बाजूने आहे. हॅमन यांना हाच सन्मान २०२२ साली मिळाला, तेव्हा त्यांच्या शेजारी साहाय्यक प्रशिक्षक म्हणून नाकासे बसत होत्या.